माझ्या पायाखालचा ब्रेक

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटार चालवायला शिकवणे, गेली छत्तीस वर्षे याच घरात राहणारा, असे लिहून ठेवतो की हा मजकूर लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे, हात थोडा थरथरतो पण तो वयाने, आणि माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण म्हणायचेच तर वकीलसाहेबांचे आहे. ते म्हणतात, एका पानात आटपा. मी जन्मभर लोकांना घाई करू नका म्हणून शिकवले, तेव्हा शेवटच्या कागदाला मी घाई करणार नाही.

लिहिण्याचे कारण असे की माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षे निघतीलही, पण कागदपत्रे करून ठेवलेली बरी.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. पत्नी गेली त्यानंतरच्या महिन्यात, अर्ध्या पानाचे. त्यात सगळे मुलीला दिले होते आणि खाली लिहिले होते की माझ्यामागे माझा फोटो लावू नये, मी त्या लायकीचा नाही. ते मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यातली शेवटची ओळ विशेष करून रद्द करतो.

कलम पहिले. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचे अंगण आणि त्यातले पाणी न येणारे नळ हे सर्व माझी एकुलती एक मुलगी, जिला घरात ठकी म्हणतात, तिला द्यावे. ठकी तेहतीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, आणि दोन थांबे पलीकडे भाड्याच्या खोलीत राहते. दर रविवारी ती येथे येते. येते म्हणजे स्वतःला कामाला जुंपून घेते. माझे कपडे, माझी औषधे, फडताळावरची धूळ, सगळे उरकते आणि स्वतः ओट्यापाशी उभी राहून दोन घास पोटात ढकलते. सात वर्षांत या घरात तिला खुर्चीवर बसून जेवताना मी पाहिलेले नाही. घर देताना मी एकच अट घालतो, की तिने त्यात बसावे. वकीलसाहेब म्हणतात, असली अट कोर्टात टिकत नाही. नसेल टिकत. मी ती तिला घालतो आहे, कोर्टाला नाही.

बँकेत जे काही असेल तेही तिचेच. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

कलम दुसरे. शाळा.

माझी मोटार शिकवण्याची शाळा, म्हणजे कोपऱ्यावरचे कार्यालय, पाटी, नवी गाडी आणि शिकायला येणारांची वही, हे सर्व माझ्याबरोबर अकरा वर्षे शिकवत असलेल्या ताईंना द्यावे. ताईंचा आवाज चढा आहे, पण मन साफ आहे. त्यांना एक सूचना. आपल्या शाळेचा जो रिवाज आहे तो मोडू नये. पहिल्या दिवशी प्रत्येक शिकाऊ माणसाला गाडी मुद्दाम बंद पाडायला लावायची. क्लच झटक्यात सोडा म्हणायचे. गाडी आचका देते, बंद पडते, माणूस घाबरतो, आणि मग आपण आपले ठरलेले बोलायचे: हरकत नाही. ब्रेक दाबा. न्यूट्रल करा. एक श्वास घ्या. आता परत चालू करा. असे तीनदा केले की त्याच्या लक्षात येते, गाडी बंद पडली म्हणून आभाळ कोसळत नाही. पुढचे सगळे शिकवणे त्या एका गोष्टीवर उभे आहे. बाकी गिअर काय, माकडालाही टाकता येतील.

‘हरकत नाही’ हे वाक्य मी हिशेबाबाहेर लोकांना बोललो असेन. शिक्षक, न्हावी, नवऱ्याने टाकलेल्या बायका, डॉक्टर, एक आडदांड पैलवान, जो गाडी बंद पडली की रडकुंडीला यायचा. कोणावर आवाज चढवला नाही. लोक म्हणत, मास्तरांच्या जिभेवर साखर आहे. ती साखर घरी येताना मी गाडीतच ठेवून येत असे, हे त्यांना ठाऊक नव्हते. दाराला कुलूप लावायला विसरलो, दूध उतू गेले, कोणाचे नाव आठवले नाही, की मी स्वतःला जे बोलत असे ते येथे लिहिण्याजोगे नाही. इतके हिणकस मी शत्रूशीही बोललो नसतो.

कलम तिसरे. लाकडी पट्टी.

वडिलांची फूटभर लांबीची लाकडी पट्टी, जी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे, ती धाकट्या भावाला द्यावी. धाकट्याने आणि मी सात वर्षे एकमेकांना लग्नाकार्यात मान डोलावण्यापलीकडे ओळख दाखवलेली नाही. कारण तो जाणतो, तरी लिहितो. पत्नीला शेवटचा निरोप देऊन आम्ही घरी आलो तेव्हा भरल्या खोलीत तो म्हणाला, "पोरीच्या हातात गाडी दिलीच कशाला, दादा?" ठकी दारातच उभी होती. तिने ऐकले. मी त्याला त्या दिवशी माफ केले नाही आणि नंतर करायला वेळ झाला नाही.

आता विचार केला तर वाटते, ते वाक्य धाकट्याचे नव्हते. वडिलांचे होते. आमचे वडील गवंडीकामावरचे मुकादम. भिंत सुताभर वाकली तरी पाडायला लावीत, आणि घरी आमच्या पाढ्यात चूक झाली की ही पट्टी. मार बसला की म्हणायचे, पुढच्या वेळी आपणहून हात पुढे करायचा. आम्ही दोघांनीही ते फार चांगले शिकून घेतले. वडील जाऊन तीस वर्षे झाली आणि मी अजून आपणहून हात पुढे करत होतो. धाकट्या, तुझाही हात पुढे होत असणार, मला ठाऊक आहे. ही पट्टी तू मोड. मला तीनदा जमले नाही, कोणाचे तरी पाहिजे म्हणून तुला देतो. तुझ्याशी मी बोलायला हवे होते.

कलम चौथे. ताटली, खुर्ची आणि थर्मास.

या तीन वस्तू दिसायला कवडीमोलाच्या आहेत, म्हणून भंगारात जाण्याआधी त्यांची हकिगत सांगणे भाग आहे. ती सांगायची तर नर्सबाईंबद्दल सांगावे लागेल.

नर्सबाई सहा वर्षांपूर्वी, नोकरीतून निवृत्त झाल्यावर, माझ्याकडे गाडी शिकायला आल्या. तेव्हा पत्नी जाऊन वर्ष झाले होते. मी वेळेवर येत होतो, वेळेवर शिकवत होतो, आणि मधल्या वेळात काय खात होतो हे मलाच माहीत नव्हते. एके दिवशी गाडी मागे कशी घ्यायची हे दाखवायला मी स्वतः चालकाच्या जागी बसलो आणि मागचे चाक फुटपाथवर चढवले. तोंडातून नेहमीचे निघून गेले: "गाढव आहेस. जन्मात तुझ्या हातून काही धड झालंय का?"

बाई शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "कुणाला बोललात?"

मी म्हटले, कुणाला नाही, स्वतःला.

"काल माझी गाडी चौकात चार वेळा बंद पडली. मला असं बोलला असतात, तर मी आज आले असते?"

"नसता आलात."

"मग तुम्ही रोज त्या माणसाबरोबर राहता कसे?"

मी गाडी फुटपाथवरून खाली घेतली आणि त्या दिवशीचा धडा तिथेच थांबवला.

पुढे बाईंनी मला रुग्णासारखे हाताखाली घेतले. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. सकाळचे खाणे ताटलीत वाढून, खुर्चीवर बसून खायचे, पेपर न वाचता. दोन धड्यांच्या मध्ये दहा मिनिटे इंजिन बंद, काचा खाली, थर्मासमधला चहा, आणि त्या दहा मिनिटांत कोणाचे काही करायचे नाही. तिसरे म्हणजे चूक झाली की शिकाऊ माणसाला जे बोलता तेच, त्याच शब्दांत, स्वतःला बोलायचे. मनात नाही, तोंडाने.

मी म्हटले, बाई, ही थेरं या वयात शोभत नाहीत. त्या म्हणाल्या, या वयात अपचन शोभतं का? पहिल्यांदा मी गाडीत एकटाच असताना स्वतःला "हरकत नाही, मास्तर" म्हटले तेव्हा इतकी लाज वाटली की आधी काच वर केली. फरक पडला का म्हणाल, तर लगेच नाही. दोन-तीन महिने मी नुसता औषध घेतल्यासारखा बोलत राहिलो. मग एक दिवस कार्यालयाच्या किल्ल्या हरवल्या आणि मी त्या शोधल्या. एवढेच. शोधल्या, सापडल्या, दार उघडले. संध्याकाळी लक्षात आले की आज आपण स्वतःला शिवी दिली नाही. त्या संध्याकाळी मी रडलो. दुःखाने नव्हे, कोणीतरी पाठीवरून पोते उतरवून घेतल्यावर पाठ दुखते, तसे काहीसे.

तर ती निळ्या काठाची ताटली, खिडकीजवळची वेताची खुर्ची आणि थर्मास ठकीला द्यावे. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घालावा. सकाळी आठपर्यंत तिच्यावर ऊन असते.

नर्सबाईंना या मृत्युपत्रातून मी काहीही देत नाही, कारण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असा कायदा आहे. त्यांना त्याचे वाईट वाटणार नाही. मला मात्र वाटते.

कलम पाचवे. जे वाटून देता येत नाही.

वकीलसाहेबांनी या कलमावर दोन वेळा काट मारली आहे. मी ते तिसऱ्यांदा लिहितो.

ठके, हे तुझ्यासाठी आहे.

शिकवायच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, हे तुला माहीत आहे. मास्तरने तो अगदी शेवटच्या क्षणी वापरायचा असतो. शिकणाऱ्याचा पाय आधी पडला पाहिजे. मी सगळ्यांच्या बाबतीत हे पाळले. तुझ्या बाबतीत पाळले नाही. तुला शिकवताना माझा पाय नेहमी तुझ्या आधी पडायचा. गाडी आचका द्यायला लागली की माझा क्लच दाबलेला असायचा. आपल्या शाळेचा रिवाज, गाडी मुद्दाम बंद पाडायचा, तोही मी तुझ्यापुरता मोडला. मास्तरच्या मुलीची गाडी चारचौघांत बंद पडलेली मला पाहवली नसती. तुझी गाडी मी एकदाही बंद पडू दिली नाही, आणि तुला वाटले की तुला येते. परीक्षा तू पास झालीस, ती सरळ, रिकाम्या रस्त्यावर.

लायसन मिळून पाच आठवडे झाले होते. घरची गाडी तू चालवत होतीस, मी शेजारी, तुझी आई मागे, मांडीवर भाजीची पिशवी. डावीकडच्या गल्लीतून टेम्पो न थांबता आला. मी तो तुझ्या आधी पाहिला. नक्की आधी पाहिला. ओरडलो असतो, हँडब्रेक ओढला असता, तर काय झाले असते हे मला सांगता येणार नाही. मी ते केले नाही. मी पायाखालचा ब्रेक दाबला. जीव खाऊन दाबला. घरच्या गाडीत माझ्या पायाखाली रबरी चटई होती, दुसरे काही नव्हते. बावीस वर्षांची सवय. टेम्पो आदळला तेव्हाही माझा पाय त्या चटईवर होता.

हॉस्पिटलच्या बाकावर तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "बाबा, मी ब्रेक उशिरा मारला." येईल-जाईल त्याला मी हरकत नाही म्हटले होते, परक्या माणसांना, हसत हसत. तुला काय म्हटले? काही नाही. मी उठलो आणि पाणी आणायला गेलो. पाणी आणले, तुला दिले. तू प्यालीस. तो विषय आपण पुन्हा काढला नाही.

तुला माझे गप्प राहणे दोष दिल्यासारखे वाटले असणार. मी तुला दोष देत नव्हतो. तोंड उघडले तर त्या चटईबद्दल सांगावे लागेल, याची मला भीती होती. माझ्या भित्रेपणाचे ओझे सात वर्षे तू उचललेस. तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस, बसून जेवली नाहीस, दर रविवारी माझी धुणी धुतलीस. प्रायश्चित्त घेतल्यासारखी धुतलीस.

माझ्या मनात होते की या कागदात सगळा दोष माझ्या नावावर करून घ्यावा आणि तुला मोकळे करावे. नर्सबाईंना बोलून दाखवले तर त्या म्हणाल्या, तिच्याकडून पट्टी काढून स्वतःच्या हातावर मारून घेणार, त्यात काय सुधारलात? बरोबर आहे. म्हणून असे लिहितो. टेम्पोवाला थांबला नाही. चौकशीत तसेच निघाले. तो कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात निळ्या फाइलमध्ये आहे, तू कधी वाचला नाहीस. मी घाबरत घाबरत तुला शिकवले, ती माझी चूक. तू नवखी होतीस, ती चूक नव्हे. आपण तिघे त्या गाडीत एकमेकांवर जीव असलेली माणसे होतो. तुझ्या आईला मी जितका ओळखतो त्यावरून सांगतो, तिने आपल्या दोघांनाही आधी जेवायला बसवले असते.

कलम सहावे. जुनी गाडी.

शाळेची जुनी पांढरी गाडी, जिच्यात दोन्ही बाजूंना ब्रेक आहेत, ती ठकीला द्यावी. चालवायची की नाही हे तिने ठरवावे. माझी सक्ती नाही.

कलम सातवे. माझ्यामागे कोणी उपाशी राहू नये. फोटो लावायला हरकत नाही. गाडीत बसलेला लावावा, त्यात मी बरा दिसतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: मास्तर
साक्षीदार: १. नर्सबाई. २. गॅरेजवाला, जो माझ्या गाड्यांची देखभाल करतो.
स्थळ: राहते घर, पुढची खोली, वेताच्या खुर्चीवर बसून.
दिनांक: ९ फेब्रुवारी.

पुरवणी

मी, वर सही केलेला तोच माणूस, शुद्धीत असताना, वरील मृत्युपत्राला ही पुरवणी जोडतो. कारण पुढीलप्रमाणे.

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. सही झाल्यावर गॅरेजवाल्याने हात पुसले आणि तो निघून गेला. नर्सबाईंनी मात्र चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला बसल्या. पाचवे कलम झाल्यावर कागद मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मास्तर, हे तिनं तुम्ही गेल्यावर वाचायचं? म्हणजे परत पाणी आणायलाच निघालात की तुम्ही."

मला त्यांचा राग आला. तो दोन दिवस टिकला.

त्या रविवारी ठकी नेहमीप्रमाणे ओटा पुसत होती. मी म्हटले, ठके, बस. ती म्हणाली, पुसून होऊ दे. मी उभ्या उभ्याच पाचवे कलम वाचायला लागलो. टेम्पोपर्यंत तिचा हात चालू होता. चटईचे आले तिथे थांबला. शेवटपर्यंत वाचले. माझा आवाज मध्ये दोनदा गेला, तेव्हा मी हरकत नाही म्हणून श्वास घेतला आणि पुढे वाचले.

तिने फडके ओट्यावर ठेवले. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला माझं तोंड बघवत नाही, म्हणून तुम्ही पाणी आणायला गेलात."

मी म्हटले, "माझंच मला बघवत नव्हतं, ठके. तू तर तहानलेली होतीस."

ती खुर्चीवर बसली. आखूड पायाकडच्या बाजूला कलली, तरी बसली. मी निळ्या काठाच्या ताटलीत वाढले. तिने रडत रडत जेवण केले. या वेळी मी समोर बसून होतो. त्यानंतर तीन रविवार तिने ओट्याला हात लावलेला नाही. निळी फाइल ती घेऊन गेली आहे.

आज सकाळी ती म्हणाली, गाडी बघू. कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर गेलो. किल्ली तिला पहिल्या दोन खेपांना लागलीच नाही. नर्सबाई आणि गॅरेजवाला मैदानाच्या कडेला उभे होते. मी शेजारी बसलो आणि दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. पहिल्या दोन वेळा गाडी बंद पडली. दोन्ही वेळा मी आमचे ठरलेले बोललो. तिने ऐकले, दात आवळून परत चालू केली.

तिसऱ्या फेरीत एक सायकलवाला कारखान्याच्या भिंतीआडून एकाएकी समोर आला. माझे पाय सीटखाली होते. ते तिथेच राहिले, आणि ते तिथे ठेवण्याइतके अवघड काम मी आयुष्यात केलेले नाही. ठकीने ब्रेक मारला. सायकल चांगली दोन हात लांब राहिली. क्लच दाबायचा ती विसरली, म्हणून गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

मी तोंड उघडले, पण तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. समोर बघत, हळू आवाजात, ती स्वतःलाच म्हणाली, "हरकत नाही, ठके. न्यूट्रल कर. श्वास घे."

तिने श्वास घेतला. मग किल्ली फिरवली.

सबब सहावे कलम रद्द समजावे. ती गाडी आता माझ्या मालकीची नाही, मी ती हयातीत हातोहात दिली आहे. माझ्या बाजूचा ब्रेक गॅरेजवाला मंगळवारी काढणार आहे, असे नव्या मालकिणीने त्याला सांगितले. बाकी सर्व कलमे कायम. पट्टी मात्र मी स्वतःच घेऊन धाकट्याकडे जाईन म्हणतो.

सही: मास्तर
साक्षीदार: १. नर्सबाई. २. गॅरेजवाला.
स्थळ: कारखान्यामागचे मैदान, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून. बॉनेट गरम आहे.
दिनांक: ७ मार्च.